मी पुन्हा धावते आहे!

मैत्रिणींनो, लग्न झाल्यानंतर तुमच्यापैकी किती जणी कधी मनसोक्त धावल्या आहेत? सुटत्या एस. टी.च्या मागे धावलो, ते सोडून द्या. उतू जाणाऱ्या दुधाकडे झेप घेतली, तेही सोडून द्या. कुठे पोचायचे नाही, कुणी हाक मारलेली नाही, केवळ जिवाला बरे वाटते म्हणून धावणे! शाळा-कॉलेजचे मैदान सुटले की असे धावणे आपल्या वाट्याला बहुधा येतच नाही.

मी मात्र सध्या आठवड्यातून तीन संध्याकाळी अशी धावते. तशी आमच्या साताऱ्यात धावणारी बाई दिसली तर आता कुणी वळून पाहत नाही. 2012 पासून इथे यवतेश्वरचा घाट चढून जाणारी हाफ मॅरेथॉन भरते. तिच्या आधीचे दोन-तीन महिने पहाटे निम्मे गाव बूट घालून रस्त्यावर असते. मग माझ्याच धावण्याचे एवढे कौतुक कशाला? कौतुक नाहीच. सांगण्याजोगे एवढेच, की मला आमवात आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो. अशा बाईने धावावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे गाजला. त्यात मी एकदा फार मोठी चूक केली. ती तुमच्यापैकी कुणी करू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

जोडवी निघेनात

2020 च्या दिवाळीत चकल्या पाडताना मला सोऱ्या दाबवेना. मनगटे ठणकत होती. म्हटले, साफसफाईचे काम अंगावर आले असेल. मग पायांची पाळी आली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, की चवड्याखाली खडे पसरून ठेवल्यासारखे वाटे. हाताची बोटे सुजली, बांगड्या चढेनात. पायाची बोटे सुजली, जोडवी निघेनात. शेवटी ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा त्या वेळचा चेहरा मला अजून आठवतो.

सकाळचे तास-दीड तास अंग असे आखडलेले असे, की लेकीची वेणीही घालता येत नसे. दुधाची पिशवी कापायची तर ती कात्री ह्यांच्या हातात द्यावी लागे. आणि गंमत पाहा, दहा-अकरा वाजेतो सांधे हळूहळू सैल होत. दुपारी मी शाळेत जाऊन उभ्याने दोन तास शिकवून येई. त्यामुळे घरात कुणाचा विश्वास बसेना. सकाळी कण्हणारी बाई दुपारी फळ्यावर लिहिते, मग हिला झालंय तरी काय? खरे सांगू? माझा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता.

त्यात आठ महिने गेले. एका डॉक्टरांच्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तेले चोळली. शेजारणीने वांगी बंद करायला सांगितली, आत्याबाईंनी चिंच आणि दही. घरात कुणाच्या पानात काय वाढायचे नाही याची यादी वाढत गेली, पण सूज काही उतरली नाही. अखेर आईने हट्ट धरला आणि मी पुण्याला सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळाले.

हा आजार आहे तरी काय?

आपण ‘संधिवात’ हा एकच शब्द सगळ्या सांधेदुखीला वापरतो, आणि इथेच फसगत होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, ती झीज आहे. वयाबरोबर सांध्यातली कूर्चा झिजते, वापरले की दुखते, विसावा घेतला की थांबते. माझा आजार निराळा. शरीराचे रक्षण करणारी जी यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढायची, तीच वाट चुकून आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून येते. अस्तर सुजते, सांधा गरम होतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर आतले हाड कुरतडले जाते. हे दुखणे विसाव्याने कमी न होता उलट आखडत जाते. बहुधा दोन्ही हातांचे, दोन्ही पायांचे लहान सांधे एकदमच धरले जातात. अंगात बारीक कणकण आणि झोपूनही न जाणारा थकवा, हेही त्याचेच लक्षण.

हा आजार म्हातारपणाचा नव्हे. तो बहुतेकांना तिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. म्हणून, सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहत असतील, बोटांच्या सांध्यांवर सूज असेल आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर ‘कामाने होत असेल’ म्हणून अंगावर काढू नका. माझे आठ महिने गेले. तुमचे जाऊ देऊ नका.

मला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली. ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज नव्हे! चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करून ठेवते आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारते. बरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासून यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, हे पाहावे लागते. आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे, कारण गरोदरपणात हे औषध मुळीच चालत नाही.

माझी चूक

औषध लागू पडायला दोन-अडीच महिने लागले. पण मग जे बरे वाटू लागले, ते काय सांगू! 2022 च्या संक्रांतीला मी हातभर बांगड्या भरल्या. सूज नाही, ठणका नाही. आणि नेमके तेव्हाच कुणीतरी म्हणाले, “अगं, ती गोळी कॅन्सरची असते ना?”

ते खोटे नव्हते. या औषधाच्या कुळाची सुरुवात कॅन्सरपासूनच झाली. भीमावरमला 1895 साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्याकडचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत त्यांच्या देखरेखीखाली 1940 च्या दशकात ही औषधे तयार झाली, तेव्हा डोळ्यांसमोर रक्ताचा कॅन्सर झालेली मुले होती. पण सांध्यांसाठी हे औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. अमेरिकेत 1988 साली त्याला या आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. हे सगळे मी नंतर वाचले. त्या वेळी मात्र ‘कॅन्सर’ हा एकच शब्द कानात बसला. शिवाय सोमवारी मळमळे, केसही थोडे गळत होते. मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. कॅलेंडरवर फुल्या मात्र मारत राहिले.

आणि त्याच सुमारास धावायला लागले. कॉलेजात मी 800 मीटर धावत असे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 2 मिनिटे 41 सेकंद ही माझी सगळ्यात चांगली वेळ. ती अजून डोक्यात होती. बरी झाले ना, मग पूर्वीसारखी धावणार! चार जणींबरोबर पहाटे साडेपाचला निघायचे, डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर. दीड-दोन महिने झकास गेले. औषधाचा अंमल लगेच उतरत नाही, हे मला कुठे ठाऊक होते?

मार्च संपता संपता एका सकाळी मला उठताच येईना. दोन्ही पावले आणि उजवे मनगट टरारून सुजले होते. घरात वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते आणि लाल पेन धरवत नव्हते. ह्यांनी गुण मोठ्याने वाचून घेत बेरजा केल्या. लेक तेव्हा सात वर्षांची. कुणाला काही न विचारता तिने आपले केस आपणच कसेतरी बांधले आणि शाळेत गेली. ते पाहून मी उशीत तोंड खुपसून रडले.

घरात सर्वांचे एकच मत पडले, ‘धावायला कुणी सांगितलं होतं?’ पुण्याला गेलो तेव्हा हेच वाक्य ह्यांनी डॉक्टरबाईंना ऐकवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “गोळी कधी बंद केलीत?” कॅलेंडरवरच्या खोट्या फुल्या तिथे उपयोगी पडल्या नाहीत. मी खरे सांगून टाकले. ह्यांचा चेहरा उतरला. धावण्याहून त्यांना माझ्या लपवण्याचे अधिक लागले, हे मला परतीच्या वाटेवर एस. टी.त कळले. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “आजार उसळला तो धावल्यानं नाही, औषध सोडल्यानं. पण आजार जागा होत असताना सांध्यांवर रोज एवढा भार टाकलात, तेही चुकलंच.” एक्स-रेमध्ये उजव्या मनगटाचे हाड कुरतडलेले दिसले. ते आता भरून येणार नाही. आजही माझे मनगट पुरते वळत नाही, पोळी लाटताना ती एका अंगाला जाड होते. घरातले तशीच खातात.

मग धावायचे की नाही?

मी हे भीतभीतच विचारले. पूर्वी या आजारात सक्तीची विश्रांती सांगत. सांधा जितका जपाल तितका टिकेल, असा समज होता. आता तो मागे पडला आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे 300 रुग्णांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि 2003 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास चांगला दमवणारा व्यायाम केला. त्यांची ताकद वाढली, मन उल्हसित राहिले आणि बहुतेकांच्या गुडघे-खांद्यांसारख्या मोठ्या सांध्यांचे अधिक नुकसान झाले नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडलेले होते त्यांनी मात्र जपावे, असेही त्यात दिसले. 2018 साली युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने तर व्यायाम हा उपचाराचाच भाग धरावा, अशी शिफारस केली. याला आणखी एक कारण आहे. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो, हाडे ठिसूळ होण्याचाही. म्हणजे बसून राहणे हे सुरक्षित नाहीच.

तुम्ही टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकीचे नाव ऐकले असेल. डेन्मार्कची ही मुलगी 2014 साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत धावली, 2018 च्या जानेवारीत तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, आणि त्याच वर्षी तिला हाच आजार निघाला. ती 2020 साली निवृत्त झाली, दोन मुलांची आई झाली आणि 2023 साली पुन्हा मैदानात उतरून अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. अर्थात तिच्यामागे वैद्य, शिक्षक, सगळा लवाजमा! आपल्यामागे कुकरची शिटी. म्हणून आपली रीत आपणच बसवायची.

डॉक्टरबाईंची परवानगी तीन अटींवर मिळाली. औषध चुकवायचे नाही, तीन महिने आजार शांत असला पाहिजे, आणि शून्यापासून सुरुवात करायची. हे तिसरे सर्वांत अवघड गेले. डोक्यातली 800 मीटरवाली मुलगी खाली बसायला तयारच नव्हती!

माझे बारा आठवडे

पहिले चार आठवडे नुसते चालणे. एक दिवसाआड, वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत.

पुढचे चार आठवडे, एक मिनिट हळू धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे पाच वेळा.

शेवटचे चार आठवडे, दोन मिनिटे धावणे आणि तीन मिनिटे चालणे, असे पाच वेळा. त्यानंतर चालणे हळूहळू कमी केले. अजूनही मी मध्ये मध्ये चालतेच, त्यात कमीपणा मानत नाही.

मधल्या दिवशी घरातच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस आणि ओट्याला धरून टाचा वर उचलणे. मांड्या-पोटऱ्या बळकट असल्या की सांध्यांवरचा भार हलका होतो.

काही गोष्टी मी अनुभवाने आणि विचारून शिकले, त्या लक्षात ठेवा.

पहाटेचा हट्ट सोडला. आमचे सांधे सकाळी आखडलेले असतात, म्हणून मी संध्याकाळी सहानंतर जाते. डांबरी रस्त्याऐवजी मातीचे मैदान निवडते.

बूट संध्याकाळीच विकत घ्यावेत, तेव्हा पावले थोडी फुगलेली असतात. बुटाचा पुढचा भाग रुंद हवा, बोटे आत हलली पाहिजेत, तळ मऊ हवा.

निघण्यापूर्वी सांधे हाताने चाचपून पाहते. एखादा सुजलेला किंवा गरम लागला, तर त्या दिवशी धावणे बंद. नुसते जडपण असेल तर चालायला जाते, चालल्यावर बहुधा मोकळे होते. दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन धावायला कधीही जाऊ नये. सांधा जे सांगतो आहे ते ऐकू येईनासे होते.

धावून आल्यावर सांध्यांचे दुखणे दोन तासांनंतरही वाढलेलेच राहिले, तर आज जास्त झाले असे समजायचे आणि पुढच्या वेळी कमी करायचे. हा नियम मी मैदानाइतकाच पापड-कुरडयांनाही लावते!

आणि मानेत दुखून हातापायांना मुंग्या येत असतील, तर धावणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. हा आजार मानेचे मणकेही धरू शकतो.

घरातली सोय

पाय धावायला हवे असतील, तर हातांची उधळपट्टी थांबवावी लागते. मी जड पातेले एका हाताने उचलणे सोडले, दोन्ही तळव्यांवर पेलते. नळाच्या फिरत्या तोट्या बदलून वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या बसवल्या. झारा-उलथन्याच्या मुठींना जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. चादरी पिळण्याचे काम ह्यांच्याकडे गेले. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात पाच-दहा मिनिटे हात बुडवून ठेवले, की डब्याच्या पोळ्या सुसह्य होतात. आणि ज्या दिवशी थकवा फार, त्या दिवशी खिचडी. अपराधी वाटून न घेता!

खाण्याचे म्हणाल, तर अमुक बंद केल्याने हा आजार बरा होतो असे काही नाही. वजन मात्र आटोक्यात हवे. वांग्याचे भरीत आमच्या घरात परत आले, त्याचा आनंद माझ्यापेक्षा सासऱ्यांना अधिक.

सासूबाईंचा प्रश्न

मी दुसऱ्यांदा बूट काढले तेव्हा सासूबाईंनी विचारले, “धावून काय मिळतं गं तुला? पुन्हा अंथरुणाला खिळलीस तर?” त्यांचा राग नव्हता, भीती होती. मला चटकन उत्तर देता आले नाही. रात्री भांडी आवरताना सुचले. म्हटले, “आई, दिवसभर मी सांध्यांना विचारून काम करते, हे उचलवेल का, ते पिळवेल का. त्या अर्ध्या तासात माझं शरीर मला शत्रू वाटत नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी आपणहून कणीक मळून ठेवली होती.

आता कॅलेंडरवरच्या फुल्या त्याच मारतात. गोळी माझ्या तोंडात गेल्याचे पाहिल्यावर! मला राग येत नाही. तो विश्वास मीच घालवला होता.

800 मीटरला मला आता साडेसहा मिनिटे लागतात. कॉलेजातल्या वेळेच्या दुपटीहून अधिक. सुरुवातीला घड्याळ पाहून डोळ्यांत पाणी येई. नंतर कळले, की ती 2 मिनिटे 41 सेकंदवाली मुलगी परत येणार नाही आणि तिला शोधत धावलो तर पुन्हा खड्ड्यात पडू. परत यायचे म्हणजे मागे जायचे नाही, आज आहे त्या शरीराशी नव्याने ओळख करून घ्यायची. कुणी धावावेच असे माझे म्हणणे नाही. तुमच्यासाठी ते चालणे असेल, पोहणे असेल. पण औषध सांभाळून, डॉक्टरांना विचारून, आपल्या शरीरासाठी आपल्या दिवसातला अर्धा तास मागून घ्या. आणि तो चोरून घेऊ नका, सांगून घ्या.

नवी जोडवी केली आहेत, थोडी सैल. सणावाराला घालते, एरवी देवघरातल्या डबीत असतात. बूट मात्र दाराशीच असतात. चला, सहा वाजले. कुकर उतरवते आणि निघते.